पाठीवर झोपलेला पैलवान

ईशा आणि निखिल,

गेल्या खेपेला तुम्ही नाशिकला आलात तेव्हा पहिले काही दिवस मामाच्या खोलीच्या दारातच थांबत होतात. निखिल तर तिथूनच "हाय मामा" म्हणून मागे फिरायचा. तुमची आई रागावली, मी रागावले नाही. मोठी माणसंही त्या दारात थांबतात आणि पंख्याकडे बघत बोलतात. निघताना गाडीत बसता बसता ईशाने मला विचारलं, "आजी, मामा पडला तेव्हा नक्की काय झालं?" तेव्हा बॅगा ठेवायच्या होत्या, ड्रायव्हर घाई करत होता. मी म्हटलं, लिहून पाठवीन.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे हे तुमच्या सोयीच्या भाषेत लिहिणं मला जड नव्हतं. पण मामाला वाचून दाखवल्याशिवाय एकही पान पाठवायचं नाही असं मी ठरवलं आहे, आणि त्याला इंग्रजीचा कंटाळा आहे. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. त्याने आतापर्यंत मला दोनदा थांबवलं. एकदा डावाचं नाव चुकलं म्हणून, एकदा "आई, हे फार शाळेतल्या निबंधासारखं झालंय" म्हणून. दोन्ही ठिकाणी मी दुरुस्ती केली.

दुसऱ्या कुणाच्या घरी असं माणूस अंथरुणावर असेल आणि हे त्यांच्या हाती पडलं, तर त्यांनाही थोडा उपयोग होईल. म्हणून आम्हाला कुणी न सांगितलेल्या काही गोष्टीही मी मधेमधे लिहिल्या आहेत.

आधीचा दत्तू

तुमच्या मामाचं नाव दत्तात्रय, घरात दत्तू. तुमचे आजोबा, म्हणजे दत्तूचे अप्पा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. आजोबांचं गाव सटाण्याच्या बाजूचं. दत्तू लहानपणी सुट्टीत गावी गेला आणि तिथल्या तालमीत उतरला. परत आला तो कुस्तीचं वेड घेऊनच. मला तो शिकायला हवा होता. बारावीनंतर त्याने पुस्तकं कपाटात ठेवली आणि ते कपाट पुन्हा उघडलं नाही. आमच्यात त्यावरून बरीच बोलाचाली झाली. नंतर मी बोलणं सोडलं आणि त्याच्यासाठी बदाम भिजत घालू लागले.

कुस्ती हाच त्याचा धंदा झाला. दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गावोगावच्या जत्रांची मैदानं असतात. नाशिक जिल्ह्यात आणि खानदेशात त्याचं नाव झालं होतं. मोठी कुस्ती असली की लोक बैलगाड्या, ट्रॅक्टर करून येत. हे मी ऐकून लिहिते आहे. बायका मैदानाला जात नसत. मी त्याची एकही कुस्ती पाहिली नाही.

त्याचे गुरू सखाराम वस्ताद. तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. तेही मूळचे सटाण्याकडचे, नाशिकरोडला तालीम चालवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्याशी ते गावाकडची मराठी बोलत, पण दत्तूशी बोलताना, आणि मनातलं काही बोलायचं झालं की, त्यात अहिराणी मिसळायची, 'आहे'ला 'शे', 'मला'ला 'माले'. मला ते "बाई" म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा म्हणाले, "बाई, पोरगं तुमचं, पण अंग माझं. त्याच्या अंगाची काळजी तुम्ही करू नका."

कुस्तीतली एक गोष्ट तुम्हाला समजली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. दोन्ही खांदे मातीला लागले आणि पाठ टेकली की पैलवान चीत झाला, हरला. तोंडावर पडला, कुशीवर पडला, रक्त निघालं तरी हरला नाही. त्यामुळे पैलवान पहिल्या दिवसापासून एकच शिकतो, पाठ मातीला लावायची नाही. झोपेतसुद्धा दत्तू कुशीवर असायचा.

कळवणकडचं मैदान

नव्वदीच्या मधली वर्षं होती. चैत्रातली जत्रा, कळवण तालुक्यातलं एक गाव. समोरच्या पैलवानाने त्याला कलाजंगवर घेतलं, म्हणजे आडवा खांद्यावर उचलला, आणि पाठीवर टाकायला निघाला. (मी आधी इथे ढाक असं लिहिलं होतं.) पाठ वाचवण्यासाठी दत्तू हवेतच वळला आणि डोक्यावर आला. सगळं अंग मानेवर आलं. मग तो कुशीवर कलंडला. पंचांनी निकाल दिला नाही, कारण पाठ लागली नव्हती.

तो उठेना. वस्ताद धावत आखाड्यात उतरले. तालमीत मान लचकणं, नस चढणं हे नेहमीचंच असतं आणि ते वस्तादच बसवतात. त्यांच्या हाताला गुण होता असं सगळे म्हणत. त्यांनी दत्तूचं डोकं दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे फिरवलं आणि मान ओढली. मग काखेत हात घालून त्याला उभा केला. पैलवान मातीत पडून राहिला तर मागच्या लोकांना वाटतं, चीत झाला. तसं वाटू द्यायचं नाही ही तालमीची रीत. म्हणून तालमीतल्या दोघांनी त्याचे हात आपल्या खांद्यांवर घेतले आणि त्याला आखाड्याभोवती एक फेरी मारून आणली. हलगी वाजत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तूचे पाय लाल मातीत दोन रेघा ओढत मागून येत होते.

मग त्याला जीपमध्ये बसवलं. झोपवलं नाही, बसवलं. वस्ताद मागून धरून होते.

पेशंटची आई कोण

नाशिकच्या हॉस्पिटलात आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या अंगावर अजून माती होती. डॉक्टर तरुण होते. ते दत्तूच्या पायाला, मग मांडीला, मग पोटाला टाचणी लावत होते आणि दर वेळी विचारत होते, कळलं का? दत्तू "नाही" म्हणत होता. शाळेत हजेरी देतात त्या आवाजात. छातीच्या वरच्या बाजूला आल्यावर म्हणाला, "हां, आता कळलं."

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, पेशंटची आई कोण? मी सवयीने इंग्रजीत उत्तर दिलं, म्हणून पुढचं सगळं ते माझ्याशी इंग्रजीतच बोलले. बाजूला तुमचे आजोबा आणि वस्ताद उभे होते. दोघांनाही त्यातलं फारसं कळत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मानेचा मणका सरकलाय आणि आतली मज्जेची दोरी चेंगरली आहे. पाय परत येण्याची आशा फार कमी. हात थोडे येतील, बोटं बहुधा नाही. मग त्यांनी विचारलं, याला पडल्यावर कुणी हलवलं? मी ऐकलं होतं तेवढं सांगितलं. ते म्हणाले, फळीवर सपाट ठेवून, मान न हलवता आणलं असतं तर कदाचित पाय वाचले असते. नक्की कुणीच सांगू शकणार नाही, पण कदाचित.

डॉक्टर गेले. आजोबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

मी सांगितलं, मानेचं हाड सरकलंय, पाय सध्या चालणार नाहीत, हात थोडे येतील. बाकीचं मी भाषांतरात गाळलं.

वस्ताद म्हणाले, "बाई, मान मी तिथंच बसवली व्हती. नायतर लय वाईट झालं असतं."

मी "हो" म्हटलं. मला त्या वेळी काही वाटत नव्हतं. खरंच सांगते, राग नाही, रडू नाही. मला एवढंच दिसत होतं की वस्तादांच्या पायाला माती आहे आणि आत्ताच पुसलेल्या फरशीवर तिचे ठसे उमटताहेत.

वजनं

त्याचे केस काढले. डोक्याला दोन्ही बाजूंनी चिमटे बसवले आणि कॉटच्या डोक्याकडे दोरीला वजनं टांगली, मान ताणून ठेवायला. त्याने उताणं, छताकडे बघत पडून राहायचं होतं. पहिल्या आठवड्यात कधीतरी मी त्याच्या ओठाला ओला कापूस लावत होते तेव्हा तो म्हणाला, "आई, झालो ना चीत."

मी म्हटलं, "पाणी हवंय का?"

माणूस असा पडून राहिला की पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात. म्हणून दर थोड्या वेळाने चारजण मिळून, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून, त्याला कुशीवर वळवायचे. ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांना मी हे पहिलं सांगेन, वळवणं चुकवू नका. औषध एक वेळ उशिरा चालेल. आम्हाला हे कुणी ठासून सांगितलं नाही आणि दत्तूच्या कमरेची जखम बरी व्हायला पावसाळा जावा लागला. दुसरं, लघवीच्या नळीबद्दल लाजू नका. मी लाजले, त्यामुळे विचारायचं ते विचारलं नाही आणि त्याला ताप आला.

वॉर्डात चांगलंही होतं. शेजारच्या कॉटवर पेठकडचा एक माणूस होता, आंब्याच्या झाडावरून पडलेला. त्याची बायको रोज नागलीची भाकर आणायची आणि तिचा एक तुकडा न विचारता माझ्या डब्यात ठेवायची. आम्ही दोघी फारसं बोललो नाही. तिची बोली मला नीट कळत नव्हती, माझी तिला. पण दोघींनी एकमेकींचे नवरे-पोरगे वळवायला हात लावले.

दत्तूचं लग्न ठरलं होतं. मुलगी सटाण्याची, घरचा कांद्याचा व्यापार. तिचे वडील एकदा येऊन कॉटपाशी बसून गेले. नंतर मीच एसटीडी बूथवरून फोन केला आणि म्हटलं, तुम्ही मोकळे आहात, मुलीचं बघा. ते फोनवर रडले. मी फोन ठेवला, बाहेर आले आणि थर्मासमध्ये चहा भरून घेतला. दत्तूने तिचं नाव पुन्हा काढलं नाही. आज वाचून दाखवताना इथे तो म्हणाला, "राहू दे ते. लिहिलंयस तर राहू दे."

त्याने मला सांगितलं

वजनं काढल्यावर गळ्याला पट्टा आला. एका दुपारी वॉर्डात सगळे झोपले होते. दत्तू म्हणाला, "आई, तुला एक सांगतो. पडलो तेव्हा पाय होते."

मी स्टूल जवळ ओढलं.

"मुंग्या येत होत्या, पण होते. अंगठा हलवला होता मी. वस्तादांनी उभं केलं आणि गेले. दिवा विझतो तसे गेले."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "डॉक्टर बोलले होते."

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वस्तादांना कळता कामा नये. अप्पांना पण सांगू नकोस, ते रागात बोलून टाकतील. वस्ताद मरतील गं."

मी कबूल केलं. तेव्हापासून हे आमचं दोघांचं गुपित झालं. तुमच्या आईलाही आम्ही सांगितलं नव्हतं. आता वाचताना तिला पहिल्यांदा कळेल. माधुरी, रागावू नकोस, आणि पुढे वाच.

घर

मुंबईला काही महिने व्यायामासाठी आणि खुर्चीतलं जगणं शिकण्यासाठी ठेवलं, मग घरी आलो. तोवर आजोबा निवृत्त झाले होते आणि आम्ही नाशिकरोडला तळमजल्याची जागा घेतली होती.

खांदे आले, कोपर आलं, मनगट वर उचलता येऊ लागलं. बोटं आली नाहीत. आजोबांनी चामड्याचा एक पट्टा शिवून घेतला, त्यात चमचा बसवला आणि तो तळहाताला बांधला. पहिल्या दिवशी निम्मा वरणभात अंगावर सांडला. दत्तू म्हणाला, "अप्पा, कांद्याच्या पोत्यासारखा बांधलाय तुम्ही हात."

"पोतं जास्त नीट बसतं," आजोबा म्हणाले. त्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

पण आजोबा आणि मी एकमेकांशी कमी बोलायला लागलो होतो. ते म्हणत, तू त्याला अभ्यासाला लावायला हवं होतंस. मी म्हणायचे, तुमच्या गावच्या तालमीनेच नेला त्याला. ही भांडणं आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात करायचो. दत्तूला सगळं ऐकू यायचं. असा पेशंट घरात असला की त्याला दुसरं कामच नसतं, तो ऐकत असतो. हे लक्षात ठेवा.

शरीर गेलं. मांड्या गेल्या, छाती गेली. पैलवानकीची खूण म्हणून फक्त मोडलेले कान राहिले, चुरगळलेल्या पुरीसारखे. ते तुम्ही पाहिले आहेत. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. तो जेवण कमी करत होता. भूक नाही म्हणायचा. मी डॉक्टरांना सांगितलं, टॉनिक आणलं. शेवटी मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, तुला आणि अप्पांना वळवायला लागतो मी. हलका असलेला बरा." ज्या मुलाने वजन वाढवण्यासाठी तूप प्यायलं, तो आता आमच्या कमरेसाठी वजन उतरवत होता. मी त्या दिवशी भाकरी वाढली आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिले. पण तो म्हणत होता त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

वस्ताद यायचे

आम्ही तगलो ते वस्तादांमुळे, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तालीम सुटली की ते रोज सकाळी आमच्याकडे यायचे, अंगाला माती तशीच. मी दारात गोणपाट टाकून ठेवायचे. गरम तेलाने ते दत्तूचे हातपाय चोळायचे, सांधे वाकवायचे, मग एका हाताने मानेखाली आणि एका हाताने गुडघ्यांखाली धरून त्याला कॉटवरून खुर्चीत ठेवायचे. आम्ही दोघं मिळूनही ते करू शकत नव्हतो. वस्ताद आले नाहीत तर दत्तू दिवसभर अंथरुणावर. इतकं सरळ होतं ते.

आणि ते बोलायचे. सगळं जग त्याच्याशी आजाऱ्यासारखं बोलायचं, वस्ताद पैलवानासारखं.

"कसा शे रे दादा?"

"इथंच शे. कुठं जाऊ?"

"वजन उतरलं तुझं. आता तुला खालच्या गटात खेळवतो."

"जोड बघा आधी. उगाच कुणाला पण धरून आणू नका."

"जोड लय हायेत. तुझ्यासमोर कुणी उतरंना."

दत्तू हसायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. काही सकाळी मला त्या हातांकडे बघवत नसे, तेलाने चमकणारे, जाड, काळजीने चालणारे हात. मग मी पोळ्या लाटायचे. अशी वर्षं गेली. मी त्यांना माफ केलं असं नाही आणि दोष दिला असंही नाही. ते यायचे, मी गोणपाट टाकायचे.

जायखेड्याकडची बातमी

तुम्ही दोघं तेव्हा जन्मला होतात. दोन हजारच्या पुढची वर्षं, मैदानांचे दिवस. वस्ताद एका सकाळी खुशीत आले. तालमीतला एक पैलवान जायखेड्याकडच्या मैदानात मानेवर पडला होता.

"उठंना पोरगं," ते दत्तूचा पाय चोळत सांगत होते. "सगळे घाबरले. म्या म्हटलं, सरका. मान धरली, बसवली, उभा केला, फेरी मारली. चालत गेला गाडीपर्यंत. हात अजून शाबूत हाय माझा."

मी चहा घेऊन दारात उभी होते. दत्तूने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. इतकी वर्षं आम्ही हे वस्तादांना वाचवण्यासाठी गप्प होतो. त्या सकाळी लक्षात आलं की दर वर्षी, दिवाळीपासून आखाजीपर्यंत, कुठल्या ना कुठल्या मैदानात वस्तादांचे हात कुणाच्या तरी मानेशी जाणार. तो मुलगा चालत गेला. पुढचा जाईलच असं नव्हतं.

वस्ताद गेल्यावर दत्तूने चमचा बाजूला ठेवायला सांगितला. दोन दिवस तो नीट जेवला नाही. मग म्हणाला, "आई, तू सांग त्यांना. तुझ्याकडून बरं पडेल. तू बाई आहेस, ते ऐकून घेतील."

"सांगते," मी म्हटलं. "पण माझ्याकडून कळलं तर त्यांना वाटेल, तू इतकी वर्षं मनात धरून होतास आणि तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही."

त्याने विचारलं, "आणि मी सांगितलं आणि ते यायचेच बंद झाले तर?"

त्याची भीती नुसती आपल्याला कोण उचलेल एवढीच नव्हती, हे तुम्हाला कळेल. त्या खोलीत त्याला पैलवान म्हणणारं एकच माणूस येत होतं.

मी म्हटलं, "मग आपण माणूस ठेवू. पण तो कुस्तीचं बोलणार नाही."

"हो ना," तो म्हणाला.

सांगितलं

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले, तेलाची वाटी घेतली, उजवा पाय मांडीवर घेतला. मी या वेळी स्वयंपाकघरात गेले नाही. आजोबा दारापाशी पेपर घेऊन बसले होते.

दत्तू म्हणाला, "वस्ताद, तो पोरगा परत मानेवर पडला तर त्याला हात लावू नका."

"का रे?"

"कुणालाच लावू नका. फळीवर घ्यायचं. मान हलवायची नाही. उभा तर करायचाच नाही. लोक चीत म्हणाले तरी म्हणू द्यायचं."

वस्ताद हसले. "मंग बसवायची कशी मान?"

"बसवायची नाही."

"अरे, तुझी नव्हती बसवली मी?"

दत्तू गप्प राहिला. तो नुसता गप्प राहिला असता तरी त्यांना कळलं असतं, असं मला आता वाटतं. पण त्याने सांगितलं. म्हणाला, "मी पडलो तेव्हा पाय होते, वस्ताद. अंगठा हलत होता. उभं केल्यावर गेले. तुम्हाला माहीत नव्हतं. मला पण नव्हतं. मी तुमच्या जागी असतो तर मी पण तेच केलं असतं."

वस्तादांचे हात थांबले, पण पाय मांडीवरच होता. त्यांनी तो हळूच गादीवर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमले ठाऊक व्हतं?"

"हो."

"कधीपासून?"

"डॉक्टर बोलले त्या दिवसापासून."

दारातून आजोबा उठून आत आले. त्यांना काही बोलायचं होतं. मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि ते बोलले नाहीत. ते एवढं माझं ऐकतील असं मला वाटलं नव्हतं.

वस्ताद दत्तूकडे वळले. "आणि तू माले का बरं नही सांगं?"

"तुम्ही यायचे ना रोज," दत्तू म्हणाला.

वस्तादांनी हाताचं तेल स्वतःच्या धोतराला पुसलं. एरवी ते मी दिलेल्या फडक्याला पुसत. उठले आणि गेले. त्या दिवशी दत्तूला खुर्चीत कुणी ठेवलं नाही.

मधले दिवस

ते आले नाहीत. मी गोणपाट टाकत राहिले, मग टाकायचं बंद केलं. आजोबांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी भाजी चिरायला बसले. "मला सांगितलं असतं तर मी त्याला उंबरा चढू दिला नसता," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "म्हणूनच नाही सांगितलं का?" मी हो म्हटलं. त्यांनी वांगी पाण्यात टाकली. त्यानंतर आमची ती हळू आवाजातली भांडणं संपली, का ते मला सांगता येणार नाही.

आम्ही शोधून एक माणूस ठेवला. चांगला होता, हात स्वच्छ, वेळेवर यायचा. मुंबईच्या सिनेमांबद्दल बोलायचा. दत्तू त्याच्याशी नीट वागायचा. चमच्याने जेवायचा, झोपायचा, उठायचा. मला तो हॉस्पिटलातल्या पहिल्या आठवड्यासारखा वाटायला लागला. मी काही विचारलं की त्या हजेरीच्या आवाजात उत्तर द्यायचा.

एकदा मी म्हटलं, "सांगायला नको होतं का?"

"नाही, सांगायलाच पाहिजे होतं," तो म्हणाला. "ते वेगळं आणि हे वेगळं."

फळी

मग एका सकाळी फाटकाचा आवाज झाला. वस्ताद दारात होते. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. मी त्यांना माती नसलेले पहिल्यांदाच पाहत होते. ते आत आले नाहीत, दत्तूच्या खोलीच्या दारातच उभे राहिले, जिथे तुम्ही उभे राहायचात.

"फळी करून घेतली," ते म्हणाले. "सागाची. पट्टे लावले तिला. नाशकातल्या एका डॉक्टरला तालमीत आणला, त्यानं पोरांना दाखवलं कसं धरायचं. मैदानाला निघालो की गाडीच्या टपावर टाकतो."

दत्तू म्हणाला, "पोरं हसली असतील."

"हसली. म्हणली, वस्ताद तिरडी घेऊन निघाले." ते जमिनीकडे बघत होते. "आते हात लावू देत नही मी कोणले. पडला की सगळे उभे राहत्यात. लोक वरडत्यात, चीत झाला, चीत झाला. वरडू दे म्हनतो."

ठेवलेला माणूस तेलाची वाटी घेऊन आत आला, वस्तादांना पाहिलं आणि माझ्याकडे बघू लागला. मी त्याला खूण केली. तो वाटी ठेवून बाहेर गेला.

वस्ताद कॉटपाशी आले. इतकी वर्षं ते काही न विचारता मानेखाली हात घालायचे. त्या दिवशी हात दोन्ही बाजूंना लोंबत ठेवून उभे राहिले.

"उचलू का?" त्यांनी विचारलं.

दत्तू म्हणाला, "आधी मान धरा."

त्याची मान केव्हाच जुळून पक्की झाली होती, धरायची काही गरज नव्हती. वस्तादांनी धरली. दोन्ही हातांनी, डॉक्टरने दाखवलं होतं तशी, आणि उचलायच्या आधी तशीच धरून उभे राहिले.